जूनीच्या शाळेसाठी अडून बसलेली गाडी

मित्रांनो, माझ्या उजव्या दाराला पोचा आहे, सीटखाली कधीच्या सांडलेल्या चिप्स आहेत आणि चढावर मला दम लागतो. कबूल. तरी टॉलिव्हर कुटुंबाची बारा वर्षांची निळी व्हॅन म्हणून मी अंगणात ताठ उभी असते. जूनीला शाळा मिळाली त्यात माझा वाटा होता, आणि तो मी कुणाला विसरू देणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग असा होता, की शेजारची गाडी माझ्यात तोंड बघून घ्यायची. नेब्रास्कातल्या एका लहान गावी सेड्रिक टॉलिव्हरनं मला घेतलं. तो शाळा गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त करायचा, त्याची बायको डेल्फीन दवाखान्यात नर्स होती. पंधरा दिवसांनी दोन दिवसांची जूनी माझ्या मागच्या सीटवर आली. त्या दिवशी सेड्रिकनं मला इतकं हळू चालवलं, की सायकलवालेसुद्धा पुढे निघून गेले. सगळे माझं कौतुक करायचे. पुढे खाऊ सांडला, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठानं तळ गंजला, आणि कौतुकही हळूहळू थांबलं.

गाव वाईट नव्हतं, मी उगाच नावं ठेवणार नाही. पण शाळेत काळी मुलगी एकच, आमची जूनी. आमच्याकडे फेब्रुवारी महिना काळ्या माणसांच्या इतिहासाचा. बाईंनी पुस्तक उघडलं, की वर्गातल्या तेवीस माना जूनीकडे वळायच्या, जणू सगळं तिच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. पाचवीत असताना, जानेवारीच्या शेवटी, मागच्या सीटवरून ती म्हणाली, "बाबा, महिनाभर टिकेल असा ताप असतो का?"

सेड्रिकनं मला रस्त्याच्या कडेला घेतलं. इंजिन चालू ठेवून तो मागे तिच्याशेजारी जाऊन बसला. माझ्या काचा आतून धुरकटेपर्यंत दोघं तिथेच बसली.

त्याच वसंतात ओहायोतल्या एका मोठ्या दवाखान्यात डेल्फीनला जागा मिळाली. घर बदलायचं ठरलं. घराचा पत्ता ठरला की सरकारी शाळा आपोआप ठरते, त्यामुळे घर शोधणं म्हणजे शाळा शोधणं. जूनी आता सहावीत जाणार होती. डेल्फीनला गणित पक्कं करून घेणारी शाळा हवी होती. सेड्रिकला पोरगी एकटी पडणार नाही अशी हवी होती. नेब्रास्का ते ओहायो दोघं माझ्यात बसून भांडले, आणि मधेमधे सँडविच खाल्लं.

घरं दाखवायला दलाल प्रुइट बाई आल्या. पांढऱ्या केसांच्या, गोड बोलणाऱ्या. सेड्रिकनं त्यांना विचारलं, "इकडच्या शाळांत मुलं कशी आहेत? सगळ्या रंगांची आहेत ना?"

"ते मला विचारू नका हो," बाई म्हणाल्या. "कोणत्या वस्तीत कोण राहतं हे मी सांगायला लागले, तर माझा परवाना जाईल. रंग बघून कुणाला कुठे वळवायचं नाही, असा नियम आहे आम्हाला."

"मग आम्हाला कळायचं कसं?"

"शाळा सुटायच्या वेळी गाडी लावा आणि डोळे उघडे ठेवा. डोळ्यांना परवाना लागत नाही."

हे माझं काम. उभं राहण्यात माझा हात कोण धरणार?

पहिल्या दिवशी ब्रुक हॉलो, शाळांना गुण देणाऱ्या इंटरनेटवरच्या यादीत दहापैकी दहा. दारातून पोरांचा लोंढा निघाला. जूनी काचेला नाक लावून आपल्यासारखी काळी पोरं मोजत होती. रस्ता रिकामा झाल्यावर म्हणाली, "मी आले तर तीन होऊ." डेल्फीननं यादीतलं नाव खोडलं.

दुसऱ्या दिवशी लिंडेल, नऊ गुण. काळी, गोरी, डोक्याला रुमाल बांधलेल्या सोमाली मुली, नेपाळी पोरं, सगळी एकाच दारातून उड्या मारत निघाली. सेड्रिक स्टिअरिंगवर ताल धरायला लागला. "हीच. झालं काम. चला जेवायला."

"थांब," डेल्फीन म्हणाली. "दारात सगळे एकत्र दिसतात. आत कोण कुठे बसतं ते बघायचंय मला."

"तुझं आपलं काहीतरीच."

"सेड्रिक, अख्ख्या वॉर्डाची सरासरी छान असते आणि त्यातला एक पेशंट मरत असतो. मी सरासरीवर विश्वास ठेवत नाही."

वेळ ठरवून ती दुसऱ्या सकाळी शाळेत गेली. वीस मिनिटांनी परत आली आणि माझं दार असं आपटलं, की पोचा अजून खोल गेला. हुशार म्हणून निवडलेल्यांच्या वरच्या गणिताच्या वर्गात सत्तावीस मुलं होती, त्यातली पंचवीस गोरी. बाकी सगळे रंग कॉरिडॉरच्या पलीकडच्या वर्गात. सेड्रिकचा ताल बंद पडला.

उरली हार्टवेल, आठ गुण. तिथे जूनीही आईबरोबर आत गेली. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, तास झाला. सेड्रिकनं माझे सगळे कप्पे उघडून पाहिले. शेवटी दोघी आल्या. जूनीची बाही खडूनं माखली होती.

"बाबा, सरांनी मला फळ्यावर बोलावलं. एक मुलगी म्हणाली माझी रीत चुकीची आहे. मग आम्ही भांडलो. तिचं नाव होदान आहे."

"आणि बाकीच्यांनी काय केलं?"

"तेही भांडले. कुणी माझ्याकडे बघितलंच नाही, सगळे फळ्याकडे बघत होते."

डेल्फीननं कागद पुढे धरला. काळी, गोरी, प्रत्येक गटातल्या मुलांचे गुण त्यावर वेगळे छापले होते, आणि सगळे जवळजवळ सारखेच चांगले. "या वॉर्डात कुणी मरत नाहीये," ती म्हणाली. मी गुपचूप हॉर्न वाजवला असता, पण मला स्वतःहून ते जमत नाही.

घरही मिळालं. क्लोव्हर रस्त्यावरचं पिवळं, व्हरांड्याचं. शाळेच्या नकाशात सेड्रिकनं रस्त्याचं नाव शोधलं, समोर हार्टवेल लिहिलेलं दिसलं आणि पठ्ठ्यानं नकाशा मिटला. घराचा नंबर काही त्यानं बघितला नाही. चार वाजता घराच्या कागदांवर सह्या होत्या. तीनच्या आधी सगळे घर शेवटचं एकदा बघून माझ्यात बसले, किल्ली फिरली, आणि मी हूं की चूं केलं नाही.

मुद्दाम केलं का? मित्रांनो, बॅटरी म्हातारी होती. पण एखादीनं श्रेय घेतलं तर बिघडतं कुठे?

"आत्ताच मरायचं होतं हिला," सेड्रिक करवादला. आपल्या गाडीची वीज माझ्या बॅटरीला द्यायला शेजारचे घिमिरे आजोबा जंपर केबल घेऊन आले. तेवढ्यात पिवळी बस आली आणि आमच्या बाजूला पोरं उतरली. सगळ्यांच्या अंगात हिरवे शर्ट, छातीवर लिंडेलचं नाव.

जूनी हळूच म्हणाली, "आई, ही हार्टवेलची मुलं नाहीत."

"कशी असतील?" आजोबा केबल लावता लावता म्हणाले. "हद्द रस्त्याच्या मधोमध जाते. पलीकडची घरं हार्टवेलची, आपली लिंडेलची. माझी नात लिंडेलला आहे ना."

सेड्रिकनं नकाशा पुन्हा उघडला. समोर, रस्त्यापलीकडे, एक बुटकं विटांचं घर होतं. एकच न्हाणीघर, व्हरांडा नाही, आणि दारात विक्रीची पाटी. डेल्फीन उतरली आणि दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडून गेली.

"डेल्फीन, एका न्हाणीघरात आपण तिघं?" सेड्रिक ओरडला.

"रांग लावू," ती म्हणाली.

आता ते विटांचं घर आमचं आहे. सकाळी न्हाणीघरासमोर खरंच रांग लागते आणि सगळे उशिरा निघतात.

या मे महिन्यात हार्टवेलचा गणिताचा संघ जिल्ह्याच्या स्पर्धेला माझ्यातून गेला. जूनी, होदान आणि वायट नावाचा लाल केसांचा मुलगा. परत येताना दुसऱ्या नंबरची ढाल माझ्या मधल्या सीटवर पट्टा बांधून बसवली होती. पहिला नंबर हुकला तो जूनीमुळे. शेवटच्या गणितात तिनं वजाचं चिन्ह खाल्लं होतं.

"मॅरेथॉन पळून दारात पडलीस," वायट म्हणाला.

"चिन्ह कसं लागतं, मीठ लावून?" होदाननं विचारलं.

आणि जूनी पोट धरून हसली. तिन्ही पोरं इतकी हसली, की माझ्या काचा थरथरल्या.

मित्रांनो, तुम्हीही कधी घर बदलाल. शाळेचे गुण बघा, दारातली गर्दी बघा, आणि मग आत जाऊन वर्गही बघा. सरासरीनं भुलू नका. आपल्या म्हाताऱ्या गाड्यांचं तेलपाणी करा, त्या तुमच्यासाठी जिवाचं रान करतात. त्या दिवशी चिन्ह खाल्लं ते आमच्या जूनीनं, एकट्या जूनीनं. ते अख्ख्या काळ्या लोकांनी खाल्लं असं माझ्यात बसलेल्या कुणाच्या मनातही आलं नाही, आणि तिच्यासुद्धा नाही.