दिव्यावरची तपासणी

डायोडचा एक पाय भोकात नुसताच उभा होता. आसियानं पंपाच्या पेटीतला बोर्ड भिंगाखाली तिरका धरला. पायाभोवती शिशाचं चकाकतं कडं होतं, पण दोहोंमध्ये केसाएवढी काळी रेघ राहिली होती. डाग बसलाच नव्हता, जोड कच्चा होता.

समोर स्टुलावर करंजा बंदरावरच्या बर्फ कारखान्यातला काशिराम बसला होता. पंप थांबला नाही, पाणी साच्यांतून ओसंडून मिठाच्या पाण्याच्या टाकीत उतरलं, बर्फ जमला नाही आणि होड्या बंदरातच खोळंबल्या, हे त्यानं पनवेलच्या या गाळ्यात शिरता शिरताच सांगून टाकलं होतं.

"तुमच्या पेटीला चालू व्हायला येतं, थांबायला नाय येत," तो म्हणाला. "आमच्या मेव्हण्यासारखी. आता परत असं झालं तर शेठ मुंबईची पेटी आननार हाय, बाय."

डायोड घालायला आसियानंच लावलं होतं. पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या कॉइलमधला प्रवाह एकदम तोडला की ती उलटा झटका देते. डायोड त्या झटक्याला फिरून विरायला वाट देतो. वाट नसली की रिलेला हुकूम देणारा ट्रान्झिस्टर जळून चालूच अडकतो आणि पंप चालूच राहतो. बीएस्सी झाल्यावर तिनं हे, हा गाळा उभा करणाऱ्या अब्बांना पटवलं होतं. तपासणी मात्र अब्बांच्याच पद्धतीनं चाले. कॉइलच्या जागी छोटा दिवा जोडायचा. पेटला, विझला, की माल पास. दिवा झटका देत नाही. डायोड असला काय, नसला काय, त्याला सारखंच.

हे तिला केव्हापासून कळत होतं. पण कॉइलवरची तपासणी रिलेची टिकटिक ऐकून, कानांनी करायची, आणि अब्बांचे कान गेले होते. दिवा तेवढा दिसायचा. गाळ्यात त्यांचं तेवढंच काम उरलं होतं.

तिनं जळलेला ट्रान्झिस्टर बदलला, डायोडला हात लावला नाही आणि बोर्ड अब्बांपुढे ठेवला. दिवा पेटला, विझला.

"पास आहे, बेटा," अब्बा म्हणाले. "खाऱ्या हवेनं खराब होत असेल."

आसियानं दिवा काढून कॉइल जोडली आणि बटण चालू-बंद करू लागली. टिक, टिक, टिक. काशिराम कान देऊन ऐकत होता. मग टिकटिक थांबली. तिनं बटण बंद केलं तरी रिले सुटेना.

अब्बा अजून दिव्याच्या रिकाम्या जागेकडेच पाहत होते.

आसिया काहीतरी पुटपुटली. अब्बांनी कानामागे हात धरला. काशिरामनं मान खाली घातली.

ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली आणि त्यांच्या डोळ्यांत पाहत सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अब्बा, आजपासून तपासणी मी करणार."