मंजुळेचा डॉक्टर

एडवणमधला भगवंत डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला, तेव्हा मंजुळेला पहिल्यांदा कळलं की डॉक्टर शोधावाही लागतो. सव्वीस वर्षं काही दुखलंखुपलं की ती त्यांच्या बाकावर जाऊन बसायची. ते प्रेशर बघायचे, गोळ्यांची पुडी द्यायचे, कधी सुई टोचायचे. आता ते थकले आणि वलसाडला मुलीकडे राहायला गेले. जाताना मंजुळेच्या गोळीचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मासळीच्या पाटीत भिजून फाटला.

मुलगा निमेश बोईसरला कारखान्यात कामाला. त्याने तिला तिथल्याच एका डॉक्टरकडे नेलं. तिथे सगळे हिंदीत बोलत होते. "पहले कौनसी दवा थी?" डॉक्टरने विचारलं. मंजुळा निमेशकडे बघत राहिली. निमेशलाही माहीत नव्हतं. दोन मिनिटांत प्रेशरची पांढरी गोळी घेऊन दोघं बाहेर आली.

"बोईसरला कशाला गेलीस?" शेजारची बायडी म्हणाली. "पालघरला माझ्या भावाचा डॉक्टर हाय. रक्त तपासल्याशिवाय हात नाय लावत."

म्हणून मंजुळा पालघरलाही गेली. रक्त दिलं, दोन तास बसली. त्या डॉक्टरने गुलाबी गोळी लिहिली. पांढरीचं काय करायचं ते त्याने सांगितलं नाही, हिने विचारलं नाही. दोन डॉक्टरांच्या दोन गोळ्या, म्हणजे दोन्ही लागत असणार, असं समजून ती दोन्ही घेऊ लागली.

आठ-दहा दिवसांनी केळव्याच्या बाजारात ती पाटी उचलायला उठली आणि जमीन सरकल्यासारखी झाली. ती तिथेच सुकटीच्या ढिगावर बसली. बायकांनी पाणी पाजून तिला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सून हेमाली तिला सफाळ्याला उन्नती डॉक्टरांकडे घेऊन गेली. हेमालीची बहीण त्यांच्याकडे जायची. डॉक्टरीणबाई तिशीतल्या असतील. हेमालीने घरातल्या गोळ्यांची पिशवीच टेबलावर रिकामी केली. बाईंनी एकेक पाकीट उलटून वाचलं आणि दोन पाकिटं बाजूला ठेवली.

"मावशी, या दोन्हींत एकच औषध आहे. तुम्ही रोज दुप्पट घेताय."

"एक पांढरी हाय, एक गुलाबी," मंजुळा म्हणाली.

"कंपन्या वेगळ्या, म्हणून रंग वेगळे. औषध तेच."

त्यांनी मंजुळेला झोपवून प्रेशर मोजलं, मग उभं करून पुन्हा मोजलं. चक्कर उठताना येते की चालताना, जेवण किती वाजता होतं, सगळं विचारलं. पांढरी बंद करायला सांगितली. पंधरा दिवसांनी परत बोलावलं.

"सुई नाय?"

"गरज नाही, मावशी."

रिक्षात मंजुळा म्हणाली, "हिने काय दिलं गो? होती ती पण काढून घेतली. ही कसली डॉक्टर?"



चार दिवसांत चक्कर थांबली. मंजुळेचा गोंधळ मात्र वाढला. चक्कर डॉक्टरमुळे गेली की आपली आपण गेली? बायडी रोज म्हणायची, पालघरलाच परत जाऊन रक्त तपासून घे. निमेश म्हणायचा, आये, बोईसरला मोठ्या हॉस्पिटलात जाऊ. भगवंत डॉक्टर होते तेव्हा असले प्रश्नच पडत नव्हते. ते चांगले होते की नुसते जवळ होते, हेही तिला आता सांगता येईना.

पंधरा दिवस झाले. सकाळीच तिने लुगडं बदललं.

"कुठे जायचं, आई?" हेमालीने विचारलं.

"सफाळ्याला."

"म्हणजे त्याच डॉक्टर चांगल्या?"

मंजुळा उंबऱ्यात थांबली. "चांगला डॉक्टर कसा वळखायचा, मला आजून कळत नाय. पण तिने पाकिटं वाचली. तुला काय वाटतं?"

"मला पण नाय कळत," हेमाली म्हणाली आणि गोळ्यांची पिशवी घेऊन तिच्याबरोबर निघाली.