भाडं एवढं, वरचं वेगळं

बाटलीताई टाकीत उतरलेली असताना खाली स्वयंपाकघरात तिच्यावर खटला चालू होता. तिला त्याचा पत्ताच नव्हता. गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत ती घोटाभर गढूळ पाण्यात उभी होती. जुना गाऊन गुडघ्यापर्यंत खोचलेला, हातात ब्रश, आणि कोपऱ्यातल्या शेवाळाशी तिचा संवाद चाललेला.

"तू परत आलंस का? मागच्या महिन्यात एवढं घासलं तुला. काही लाज?"

ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायची. एकतीस वर्षं हेच काम. नळ्या, चंबू, बश्या, मापं. तीनदा नळाच्या पाण्याने, एकदा शुद्ध केलेल्या पाण्याने, आणि मग प्रत्येक भांडं उजेडाकडे धरून बघायचं. काच खरंच स्वच्छ असली की पाणी तिच्यावर थेंब धरून बसत नाही, सलग पातळ पदर होऊन खाली उतरतं. एक थेंब जरी अडला तरी ते भांडं पुन्हा धुवायचं. कॉलेजच्या मुलांनी तिचं नाव बाटलीताई ठेवलं होतं. ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा भलताच समज व्हायचा. "मी बाटल्या धुते, रिकाम्या करत नाही," असं ती स्वतःच सांगून टाकायची.

आता कॉलेजात बाटल्या धुणारी बाई रविवारी सकाळी टाकीत काय करत होती, तर त्याचं कारण मालकीणबाईंच्या एका वाक्यात आहे. चार महिन्यांपूर्वी खोली ठरली, तेव्हा मालकीणबाईंनी तिच्या हातात दोन किल्ल्या ठेवल्या. एक दाराची, एक गच्चीची. आणि हात वर करून म्हणाल्या, "भाडं एवढं. वरचं वेगळं. ते तुमचं तुम्ही बघायचं, मला त्याची कटकट नको."

वरचं म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला कळतं. भाड्याच्या घरात दोन महिने काढलेल्या कुणालाही कळतं. गॅस, दिवे, भांड्यांचा साबण, फिनेल, झाडू, तुंबलेल्या मोरीला बोलावलेला माणूस. घर बघायला जाताना यातलं काही दिसत नाही, आणि राहायला लागलं की रोज काहीतरी संपलेलं असतं. पण बाटलीताई जन्मात कधी भाड्याने राहिली नव्हती. तिने गच्चीच्या किल्लीकडे पाहिलं, मालकीणबाईंच्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं, आणि वर गेली. टाकीचं झाकण उचललं. आत शेवाळ आणि बोटभर गाळ होता. हेच पाणी आपण पितो? वरचं बघायला हवं म्हणतात ते उगाच नाही, असं तिला वाटलं. बाकी साबणबिबण एवढ्या भाड्यात आलंच असणार, तो काय मालकीणबाई ठेवत असतील.

तेव्हापासून दर महिन्याचा पहिला रविवार टाकीचा. बादली भरायची, टाकीच्या काठावर चढवायची, स्वतः बाहेर यायचं, गाळ ओतायचा, पुन्हा आत उतरायचं. वय पंचावन्न. कंबर सोमवारी बोलायचीच.

त्या दिवशी ती ओल्या अंगाने खाली आली, तर घरातल्या बाकीच्या दोघी भाडेकरूही टेबलाशी बसलेल्या. एक नर्स, जी एरवी रविवारी ड्यूटीवरून येऊन दुपारपर्यंत झोपलेली असायची. दुसरी मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसणारी, जिला घरात कॅशियरच म्हणत. पहिल्या रविवारी ती आईकडे जायची, पण आज मुद्दाम थांबली होती. तिच्यासमोर एक कागद होता.

"ताई, बसा जरा," नर्स म्हणाली.

"ओली आहे गं, खुर्ची भिजेल."

"मग उभ्यानेच ऐका," कॅशियर म्हणाली. "स्पष्ट बोलते, राग मानू नका. चार महिने झाले, वरचं सगळं आम्ही दोघीच बघतोय."

बाटलीताई खरोखरच चक्रावली. "तुम्ही? वरचं तर मी करते. एकटीच करते. मी कधी बोलले का तुम्हाला?"

"तुम्ही करता? साबणाची एक वडी तरी आणलीत का कधी?"

"साबण कशाला? त्याला साबण अजिबात चालत नाही. वास राहतो."

"आणि फिनेल?"

"फिनेल?" बाटलीताई ओरडलीच. "अगं, माणसं मरतील."

बाई सरळसरळ आपली टिंगल करतेय, अशी कॅशियरची खात्री पटली. दिवसभर गल्ल्यावर बसून सुट्ट्या पैशांवरून वाद घालणारी पोरगी ती, तिचा आवाज चढला. "आणि दर पहिल्या रविवारी वर जाऊन टाकी रिकामी करता, ते? ही ड्यूटीवरून येते तर तोंड धुवायला पाणी नसतं." बाटलीताई वर जाऊन चादरी धुते, असं त्या दोघी धरून चालल्या होत्या.

"टाकी रिकामी करावीच लागते," बाटलीताई म्हणाली. "त्याशिवाय कसं होणार?"

नर्सने डोळे चोळले. भांडणं तिला झेपायची नाहीत, वॉर्डात तिने पुरेशी ऐकलेली असायची. "ताई, आपलं जमत नाही," ती हळूच म्हणाली. "तीस तारखेपर्यंत दुसरीकडे बघा. मालकीणबाईंना मी सांगते."

दुसरी कुणी असती तर तिने दोघींना तिथेच फैलावर घेतलं असतं. बाटलीताई "बरं" म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. सरक म्हटलं की सरकायचं, ही सवय तिच्या हाडात मुरली होती. एकतीस वर्षं ती भावाच्या घरी राहिली. तिची खाट दिवाणखान्यात, खिडकीखाली. पाहुणे आले की खाट सरकायची, टीव्ही आला तेव्हा सरकली, भाचा मोठा झाला तेव्हा अभ्यासाच्या टेबलासाठी सरकली. शेवटी भाच्याचं लग्न ठरलं, तेव्हा सरकायला भिंत उरली नाही. कुणी वाईट वागलं नव्हतं, हे ती आजही शपथेवर सांगेल. पण सगळ्यांचं टीव्ही बघून होईपर्यंत तिला कधी दिवा मालवता आला नव्हता.

या खोलीत तिने पहिल्या दिवशी संध्याकाळी सात वाजताच दिवा मालवून बघितला होता. उगाचच. मग पुन्हा लावला. आता ही खोली हातची जाणार होती. खाटेच्या कडेला बसून ती थोडं रडली, आणि मग भावाला फोन केला.

"दादा, इथे भांडण झालं. माझं काही जमेलसं दिसत नाही."

"मी सांगितलं होतं की नाही?" दादाच्या आवाजात राग नव्हता, उलट काळजी होती, आणि तेच जास्त लागलं. "भाड्याच्या घरात भाडं तेवढं दिसतं, बाकीचं दिसत नाही. येत्या रविवारी टेम्पो मिळतोय, घेऊन येतो. तुझी जागा आहेच."

"तिथे आता वॉशिंग मशीन ठेवलंय ना?"

"सरकवू गं."

चार दिवस ती कामावर गेली आणि आली. खोकी आणली, पण भरली नाहीत. मात्र एक गोष्ट तिला चैन पडू देईना. आपण गेल्यावर टाकीचं काय? या दोघी म्हणतात आम्ही वरचं बघतो, पण कशा बघतात ते दिसतंच होतं. प्रयोगशाळेत रजेवर जातानासुद्धा ती बदलीच्या बाईला सगळं लिहून देऊन जायची. गुरुवारी तिने एक कागद लिहिला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर साखरेच्या डब्याखाली ठेवला.

संध्याकाळी नर्स चहा करायला आली आणि तिने तो वाचला. वरती ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'वरचं. महिन्याचा पहिला रविवार.' खाली बारीक, एकसारख्या अक्षरात: 'आधी मोटर बंद. तळाचं बूच काढून घोटाभर पाणी ठेवणे. भिंती वरून खाली घासणे, गोल गोल नाही. गाळ बादलीने बाहेर. मग तीन पाण्यांनी धुणे. शेवटी बोट फिरवून बघणे, बुळबुळीत लागलं तर पुन्हा. साबण नको. फिनेल तर नकोच नको. गच्चीच्या दाराकडच्या कोपऱ्यावर लक्ष असू द्यावे, तिथलं शेवाळ हट्टी आहे.'

नर्सने गॅस बंद केला. कॅशियरची त्या दिवशी सुट्टी होती, तिला हाक मारली. तिने कागद दोनदा वाचला. मग दोघी बाटलीताईच्या दाराशी आल्या. ती कॉलेजातून नुकतीच परतली होती.

"ताई, हे काय आहे?"

"वरचं आहे. मी जायच्या आधी एकदा दाखवून देते, चला. नुसतं वाचून हात बसत नाही."

तिघी गच्चीवर गेल्या. बाटलीताईने गळ्यातल्या किल्लीने दार उघडलं, टाकीचं लोखंडी झाकण बाजूला केलं. आत काठोकाठ पाणी होतं आणि तळ स्वच्छ दिसत होता. सिमेंटवरच्या थापीच्या रेघासुद्धा मोजता आल्या असत्या.

"वरचं म्हणजे हे?" कॅशियरने विचारलं.

"मग दुसरं काय असतं वर?"

नर्स कठड्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं. वर्षभर ती पोटाच्या दुखण्याने हैराण होती. अलीकडे गोळ्या सुटल्या होत्या आणि तिला वाटत होतं, ड्यूटी बदलल्यामुळे असेल. कॅशियर खाली गेली आणि आपला कागद घेऊन आली. सगळ्या महिन्यांचा खर्च त्यावर उतरवलेला होता.

"पाण्याच्या फिल्टरची कांडी," ती म्हणाली. "दर महिन्याला काळी पडायची, दर महिन्याला नवी. चार महिन्यांत एकही आणली नाही. आणि माझ्या लक्षात आलं नाही. मी हिशोबाची माणूस म्हणवते."

मग तिने वरचं म्हणजे काय ते बाटलीताईला समजावून सांगितलं. सांगताना ती चांगली बोलत होती, आवाज खाली होता, पण एकेक शब्द बाटलीताईच्या कानात शिरत गेला तसा तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे चार महिने मी तुमच्या साबणाने भांडी घासली?"

"ताई, जाऊ दे ना."

"तुमच्या गॅसवर चहा केला. दिवसातून तीनदा." ती टाकीच्या काठाला धरून उभी राहिली. भावाच्या घरी विचारल्याशिवाय तिने कधी काडीपेटी उचलली नव्हती. इथे पहिल्यांदाच मोकळ्या हाताने वापरलं, आपल्या भाड्यात आलंय म्हणून, आणि ते सगळं दुसऱ्यांचं निघालं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सगळं देईन. आजच देते."

"काही द्यायचं नाही," कॅशियर म्हणाली. "टाकी धुवायला माणूस काय घेतो, मी मागे विचारलं होतं. आकडा ऐकला आणि गप्प बसले. त्यात तुमचं फिटून वर उरेल."

"नाही," बाटलीताई म्हणाली. इतक्या ठाम आवाजात ती याआधी या घरात बोललीच नव्हती. "हे वरचं वेगळं आणि ते वरचं वेगळं. ते माझं मी देणार. हे मात्र आता तिघींनी करायचं. माझी कंबर माझी एकटीची आहे."

नर्स पुन्हा हसली. बाटलीताईने झाकण सरकवलं, मग जरा चाचरत विचारलं, "आणि ते तीस तारखेचं?"

कॅशियरने कागदात डोकं घातलं. "कुठली तीस तारीख?"

रविवारी सकाळी दादा आला. बाटलीताईने त्याला फोन करून येऊ नको म्हणायला हवं होतं. तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. दादाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती आणि फोनवर तर मुळीच नव्हती. त्यामुळे खाली रिकामा टेम्पो उभा राहिला, आणि दादा जिना चढून वर आला तो खांद्यावर नव्या नायलॉनच्या दोरीचं वेटोळं घेऊन. टेबलाशी बसून तो धापा टाकत होता. त्याचंही वय झालं होतं, हे तिला आज दिसलं.

तिने पेला घेतला, विसळला, उजेडाकडे धरला. पाणी सलग उतरलं. मग भरून त्याच्यापुढे ठेवला.

"सामान कुठाय?" दादाने विचारलं. "बांधाबांध काहीच दिसत नाही."

"आहे तिथेच आहे." तिने टेबलाची कड धरली. "दादा, मी नाही येत."

"अगं, मशीन काढलंय तिथून. कालच सरकवलं."

"परत ठेव. त्याचीच जागा आहे ती."

दादाने खांद्यावरची दोरी सावरली. "भांडण झालं म्हणालीस."

"झालं. मिटलं."

"आणि ते न दिसणारे खर्च? मी म्हटलं होतं तुला."

"अगदी खरं होतं तुझं. मला चार महिने दिसलेच नाहीत." ती हसली. "आता दिसतात. आमच्यात कागद आहे त्याचा. काल दिव्याचा बल्ब मी आणला."

आमच्यात, हा शब्द दादाने ऐकला. त्याने पेला उचलला आणि एका दमात संपवला. रिकामा पेला टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "पाणी चांगलं आहे इथलं."

"वरचं आहे," ती म्हणाली.

तो उठला. दाराकडे वळला, तेव्हा तिने हाक मारली. "दादा, ती दोरी ठेवून जातोस? बादलीला बांधायला हवीय. एकीने आत भरायची, दुसरीने वर ओढायची. इतके दिवस एकटी होते, म्हणून लागली नाही."

"किती लागेल?"

"सगळीच राहू दे."

दादाने खांद्यावरून दोरी उतरवली, तिची नीट गुंडाळी केली आणि टेबलावर ठेवली.