मावशीने बघितलंय

मैदानावर मॅडम म्हणायचं आणि घरी मावशी, हे दोघींमध्ये पहिल्याच दिवशी ठरलं होतं. भाची आठवीत शाळेच्या फुटबॉल संघात आली, तेव्हा मावशीला त्या शाळेत खेळ शिकवायला लागून अकरा वर्षं झाली होती. सख्खी भाची संघात म्हटल्यावर लोक बोलणारच, म्हणून मावशी तिला इतरांपेक्षा दोन फेऱ्या जास्तच पळवायची. पोरीने कधी तोंड वाकडं केलं नाही. दहावीत जाईपर्यंत ती संघाची पक्की गोलकीपर झाली होती आणि मुली तिला ‘भिंत’ म्हणायला लागल्या होत्या.

मावशी शाळेत कडक म्हणून प्रसिद्ध होती. वॉर्म-अप चुकवला की त्या दिवशी खेळायला मिळायचं नाही. घोटा मुरगळला, गुडघा दुखला, तर ते लगेच सांगायचं आणि क्रीडाखोलीतल्या वहीत लिहायचं. डोक्याला मार लागला तर सामना कुठलाही असो, मुलगी बाहेर. डॉक्टरांची चिठ्ठी आल्याशिवाय बूट घालायचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात तिने कॅप्टनलाच असं बसवलं होतं. संघ हरला आणि कॅप्टनच्या वडिलांनी शाळेच्या फाटकात तिला नाही नाही ते ऐकवलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं, पण नियम काही सोडला नाही.

त्या मंगळवारी सराव संपला होता. मुली मैदानाच्या पलीकडच्या टोकाला नळावर पाणी पीत होत्या. भाचीला अजून थोडं खेळायचं होतं. शनिवारी विभागाच्या संघाची निवड चाचणी होती आणि उजव्या कोपऱ्यातले खालचे चेंडू तिला जड जायचे. मावशी तेच मारत होती. चौथा की पाचवा चेंडू जरा जोरात गेला. भाची झेपावली, बोटांनी चेंडू बाहेर ढकलला आणि तिचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं.

मावशी धावत पोचेपर्यंत ती उठून बसली होती.

“गेला ना बाहेर?” तिने विचारलं.

“गेला. हलू नकोस.”

ती खांबाकडे बघत राहिली. मग पुन्हा म्हणाली, “मावशी, गेला ना बाहेर?”

तीन वर्षांत मैदानावर ती पहिल्यांदा मावशी म्हणाली होती.

क्रीडाखोलीत जाळ्यांचा ढीग बाजूला सारून मावशीने तिला बाकावर बसवलं आणि कानामागे बर्फ धरला. रक्त नव्हतं. बोटं दाखवली, ती तिने बरोबर मोजली. वार विचारला, तो सांगितला.

“चल, डॉक्टरांकडे जाऊ.”

“नको.” भाचीने तिचं मनगट धरलं. “ते दोन आठवडे घरी बसवतील. तूच सांगतेस ना दर वर्षी.”

“मग बसायचं.”

“पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. ही शेवटचीच चाचणी आहे माझी.” तिचा आवाज अगदी साधा होता, रडवेला वगैरे नव्हता. “मला काहीही होत नाहीये, खरंच. आईला सांगू नकोस, मावशी. ती घाबरट आहे, पाठवणारच नाही.”

दुसरी कुठलीही मुलगी असती तर मावशीने तिच्या घरी तिथूनच फोन लावला असता. पण शाळेतली एकही मुलगी पाच वर्षांत विभागाच्या संघात गेली नव्हती. ही जाणार, असं निवड समितीतल्या एकाने तिला जवळजवळ सांगूनच टाकलं होतं. आणि ही पोर तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती. नवरा गेल्यावर ताईने एकटीने हिला वाढवलं, ते मावशीच्या भरवशावरच.

“रात्री उलटीबिलटी झाली, डोकं फार दुखलं, तर लगेच मला फोन,” ती म्हणाली. वही टेबलावरच होती. ती तिने उघडली नाही.

फोन आला नाही. बुधवार गेला. गुरुवारी सरावाला भाची नेहमीसारखी आली, पण सोपे चेंडूही तिच्या हातांतून निसटत होते. डोळे बारीक करून बघत होती. मावशीने विचारलं तर म्हणाली, ऊन डोळ्यांवर येतंय. सूर्य तिच्या पाठीमागे होता. मावशीने ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं, चाचणीचं टेन्शन असेल.

शनिवारी चाचणीच्या सामन्यात विसाव्या मिनिटाला कॉर्नरचा चेंडू आला. भाचीने उडी मारून तो झेलला. समोरच्या मुलीचा खांदा तिच्या जबड्याला लागला, तोही असा हलका की पंचांनी शिट्टीसुद्धा वाजवली नाही. भाची दोन पावलं पुढे आली, चेंडू जमिनीवर ठेवला, तो मारायला मागे सरकली आणि गुडघ्यातून मोडल्यासारखी खाली बसली. मग आडवी झाली. मावशी तिच्याजवळ पोचली तेव्हा तिचा एक डोळा अर्धा उघडा होता.

हॉस्पिटलात ताई फॉर्म भरत असताना डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेतलं. मेंदूला सूज आहे, म्हणाले. “गेल्या आठ-दहा दिवसांत डोक्याला आधी काही लागलं होतं का?”

“मंगळवारी,” मावशी म्हणाली. “खांब लागला होता.”

डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते आत गेले. ताई परत आली. “काय म्हणाले गं?” तिने विचारलं.

“सूज आहे म्हणाले. ऑपरेशन करताहेत.” एवढंच मावशीच्या तोंडून बाहेर पडलं.

नवव्या दिवशी भाचीने डोळे उघडले. आईला ओळखलं, मावशीला ओळखलं. पण तो आठवडा तिच्या डोक्यातून पुसून गेला होता. खांब, बर्फ, क्रीडाखोलीतलं बोलणं, चाचणी, काहीच आठवत नव्हतं. शाळेत मुख्याध्यापिकेने चौकशी केली. वहीत मंगळवारच्या तारखेला काही लिहिलेलं नव्हतं. “तुमच्यासारख्या काटेकोर बाईंकडून काही राहून जाईल असं कुणी म्हणणार नाही,” मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि त्यांनी अहवालात ‘खेळताना झालेला अपघात’ असं लिहून तो मावशीसमोर सहीला ठेवला. मावशीने सही केली.

दोन महिन्यांनी भाची घरी आली. उजवा हात थरथरायचा. उजेड सहन व्हायचा नाही म्हणून खोलीचे पडदे ओढलेले असायचे. बोलताना मध्येच शब्द सापडायचा नाही आणि ती चिडून गप्प व्हायची. शाळेचं वर्ष गेलंच होतं. पुढच्या वर्षाबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते.

ताई कपडे दुरुस्तीचं काम करायची. दुकानात जाणं जमेना म्हणून तिने मशीन घरी आणलं होतं. मावशी रोज दुपारी शाळा सुटल्यावर यायची, भाचीच्या हाताचे व्यायाम करून घ्यायची, औषधं आणायची. एकदा भाची आत झोपली होती आणि ताई पँटची शिलाई उसवत बसली होती. मान वर न करताच ती म्हणाली, “तू होतीस म्हणून निभावलं बघ. दुसरं कुणी असतं तर मी कधीच मोडून पडले असते.”

मावशीला ते ऐकवेना.

“ताई, मंगळवारी तिला लागलं होतं. चाचणीच्या आधीच्या मंगळवारी. मी मारलेला चेंडू अडवताना डोकं खांबावर आपटलं. मला माहीत होतं तिला खेळवायचं नाही. मी खेळवलं.”

ताईच्या हातातली कात्री थांबली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली.

“बुधवारी सकाळी तिला उलटी झाली होती,” ताई म्हणाली.

“मला नाही सांगितलं तिने.”

“मी विचारलं तिला, काय झालं. म्हणाली, काल जरा डोकं आपटलं, पण मावशीने बघितलंय, काही नाही म्हणाली.” ताईने कात्री मशीनवर ठेवली. “मावशीने बघितलंय म्हटल्यावर मी कामाला गेले. तू परकी असतीस ना, तर मी तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं असतं.”

मावशी उठून उभी राहिली.

“जा आता,” ताई म्हणाली. “ती उठायच्या आत जा.”

दुसऱ्या दिवशी मावशीने मुख्याध्यापिकेला सगळं लिहून दिलं. संघ तिच्याकडून काढून घेतला. नोकरी गेली नाही, धाकट्या वर्गांची कवायत तिच्याकडे दिली. जुन्या नियमात एक वाक्य तिने आग्रहाने घालून घेतलं: डोक्याला मार लागला तर शिक्षकाने घरी स्वतः फोन करायचा, त्याच तासात, मुलीने कितीही नको म्हटलं तरी. नवे प्रशिक्षक तरुण होते. एकदा ते तिच्याकडे येऊन म्हणाले, “बाई, आमची डावी बॅक खेळणारी मुलगी डोक्यावर पडली काल. बोलतेय नीट, चालतेय नीट. उद्या उपांत्य सामना आहे हो.”

“घरी फोन केलात?”

“नाही अजून. ती खूप रडतेय.”

“रडू दे,” मावशी म्हणाली. “माझ्यासमोर करा फोन.”

ताईने चार महिने तिला दार उघडलं नाही. मग भाचीनेच हट्ट धरला असावा, कारण एका रविवारी ताईचा निरोप आला: दुपारी ये, तासभर. मावशी गेली तेव्हा ताईने दार उघडलं आणि ती लगेच मशीनवर जाऊन बसली.

भाची पलंगावर रबरी चेंडू दाबत बसली होती. थोडी जाड झाली होती, केस कापले होते. मावशी शेजारी बसली आणि तिची बोटं एकेक करून सरळ करू लागली.

“आई म्हणते,” भाची सावकाश म्हणाली, “तुला माहीत होतं.”

“हो.”

“मी काही बोलले होते का? तेव्हा?”

मशीनचा आवाज थांबला. मावशीने दाराकडे पाहिलं नाही.

“म्हणाली होतीस, सांगू नकोस.”

भाची विचार करत राहिली. “म्हणजे माझीच...” तिला शब्द सापडेना. ओठ हलले, कपाळावर आठी आली. शब्द तिला तिचा तिलाच शोधू द्या, मध्ये बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मावशीला तो शब्द कळला होता आणि तो तिला तिच्या तोंडून ऐकायचा नव्हता.

“नाही,” ती म्हणाली. “तू पंधरा वर्षांची होतीस. तू तसंच म्हणणार होतीस. सगळ्याच म्हणतात. ऐकायचं की नाही, ते ठरवणं माझं काम होतं.”

भाचीने हात सोडवून घेतला. रागाने की दमून, ते मावशीला कळलं नाही. ती कुशीवर वळली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

थोड्या वेळाने ताई दारात आली. “तास झाला,” ती म्हणाली.

मावशी उठली, चपला घातल्या. पुढच्या रविवारी यायचं की नाही, ते तिने विचारलं नाही, आणि ताईनेही सांगितलं नाही.