मिठाची जागा

डॉक्टरीणबाईंनी भर वॉर्डात झापलं ते सत्यशीलाला, सुनेला. आणि ज्याच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं तो तिचा सासरा मच्छिंद्र नाकाला ऑक्सिजनची नळी लावून साळसूदपणे छताकडे बघत पडला होता. "हृदय थकलंय त्यांचं. मिठानं अंगात पाणी साचतं, हे किती वेळा सांगायचं? पुन्हा असे आणलेत तर माझ्या हातात काही राहणार नाही." नवरा गोरक्ष सुप्याच्या कारखान्यातली शिफ्ट टाकून आलेला, तोही तिच्याचकडे बघत होता. सत्यशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, मीठ येणार कुठून? मागच्या खेपेलाच तिनं घरातलं सगळं मीठ, लोणच्या-पापडांसकट, शेजारच्या कडूबाईला देऊन टाकलं होतं. तेव्हापासून सगळं घर अळणी जेवत होतं.

"मग सूज येते कशी?" डिस्चार्ज मिळाल्यावर म्हाताऱ्याला घेऊन नगरहून परतताना गोरक्षनं गाडीत विचारलं.

"तुमच्या वडिलांना विचारा."

म्हातारा चोरून खातो, याबद्दल तिला शंकाच नव्हती. घरी येताच तिनं त्याची गादी झटकली, उशीची खोळ उलटी केली, कोनाडे धुंडाळले. काही नाही. मग कडूबाईच्या दारात जाऊन तिच्याशी कडाकडा भांडली.

"मी कशाला दिऊ गं बाई?" कडूबाई उसळली. "बनुबाई गेल्यापासून त्या मानसाचं तोंड बघितलं न्हाई मी. अन् बघायचंबी न्हाई."

बनुबाई म्हणजे सत्यशीलाची सासू. गेल्या वर्षी गेली. तिच्या भुवईवर एक जुना वण होता. तरुणपणी ती एकदा ताटात मीठ वाढायला विसरली, आणि या बाबानं ते ताट तसंच तिच्या तोंडावर भिरकावलं. त्यानंतर जन्मभर तिनं भाकरीच्याही आधी मीठ वाढलं. तीन बोटांची चिमूट, ताटाच्या वरच्या कडेला, अंगठ्यानं मधोमध जरा दाबलेली. आणि समोर बसून विचारायची, "काय कमी न्हाई ना?" लग्न होऊन आल्यापासून सत्यशीलानं हे रोज पाहिलं होतं. रोज तिचं रक्त उकळायचं आणि रोज ती गप्प बसायची.

आता मात्र ती गप्प बसणार नव्हती. दुपारी तिनं स्वतः ताट घासलं, भाकरी आणि अळणी दुधीची भाजी वाढली आणि म्हाताऱ्यापुढे ठेवून दारात ठाण मांडलं. बघूच आता, हा कुठून काढतो ते!

मच्छिंद्रनं भाकरीला हात लावला नाही. तो ताटाच्या वरच्या कडेला बोट टेकवत होता, ते चाटत होता, तोंड वेडंवाकडं करत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती तिरमिरीत उठून जवळ गेली. ताटात मिठाची लहानशी रास होती, अर्धी संपलेली. अंगठ्याचा खळगा अजून दिसत होता.

"कुणी दिलं हे? मामा, खरं सांगा, कुणी दिलं?"

म्हातारा भिंतीकडे सरकला. सुजलेले पाय त्यानं पोटाशी ओढायला बघितले, ते वाकेनात.

"तूच तर वाढतीस," तो म्हणाला. "अन् सपवल्याबिगर उठू देत न्हाईस." त्यानं हात जोडले. "आता बास कर की गं. चुकलो मी."

"मी? अहो, वेड लागलंय का तुम्हाला? घरात मिठाचा खडा नाही!" ती ओरडली आणि संतापानं तोंडावरचा घाम पुसायला तिनं हात वर नेला. अंगठा ओठांना लागला. खारट लागला. घामाचं खारटपण ते नव्हतं. दाताखाली कण कचकन फुटला.

ताट ओढून घ्यायला हवं होतं. तेवढंच करायचं होतं. तिनं वाकून ताटाची कड धरली. मच्छिंद्र आशेनं तिच्या हाताकडे बघत राहिला.

तिनं ताट हळूच त्याच्याकडे सरकवलं आणि ती समोर मांडी घालून बसली.

"काय कमी न्हाई ना?" तिनं विचारलं.