शोकेसमधला आकडा

मी काउंटर बोलतोय. वेबसाइटच्या अगदी तळाशी, फोन नंबर आणि पत्ता संपला की त्याखाली एक काळी पट्टी असते आणि तिच्यात हिरवे आकडे असतात, तो मी. माझ्या डोक्यावर लिहिलेलं असतं, ‘आपण आमचे अमुकावे पाहुणे आहात.’ तुम्ही मला पाहिलं असेल, पण ओळख दिली नसेल. तळाशी राहणाऱ्यांची ओळख कोण देतं?

माझा जन्म शिलाई मशीन दुरुस्तीच्या एका दुकानात झाला. दुकान अरुंद आणि त्याच्याच वर मालकांचं घर. मालकांना सगळी गल्ली काका म्हणते आणि मालकीणबाईंना काकू, म्हणून मीही तेच म्हणतो. वेबसाइट करून देणाऱ्या माणसाने सगळं काम आटोपल्यावर मला खिशातली गोळी द्यावी तसं काढून दिलं. ‘‘हा वरून, फुकट,’’ तो म्हणाला. फुकट मिळालेल्या वस्तूला मान कमी, असं म्हणतात. माझ्या बाबतीत नेमकं उलटं झालं.

‘‘हा शून्यापासून सुरू होणार?’’ काकांनी विचारलं.

‘‘मग कशापासून?’’

‘‘शून्य बरं दिसत नाही हो. पहिल्याच माणसाला वाटायचं, दुकान काल उघडलंय. जरा भारदस्त आकडा टाका.’’

अशा रीतीने मी जन्माला आलो तोच मिशा घेऊन. बाळपण असं मला नाहीच. पहिला पाहुणा आला तेव्हा मी त्याला सांगितलं की तो पाच हजार एकावा आहे. त्याने विश्वास ठेवला असावा, कारण तो पुन्हा आला. पुन्हा आला, पुन्हा आला. ते काकाच होते.

माझं काम साधं आहे. पान उघडलं की एक वाढवायचा. कोण आलं, कशाला आलं, काल आलं होतं का, ही चौकशी मी करत नाही. मला बाहेरून येणाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त दार वाजलेलं कळतं. जगात अशी यंत्रंही असतात, जी रात्रंदिवस या साइटवरून त्या साइटवर पानं वाचत हिंडतात आणि वाचलेलं कुठेतरी नोंदवून ठेवतात. त्यांना ना मशीन दुरुस्त करायचं असतं ना सदरा शिवायचा असतो. तीही माझ्या दारावर यायची आणि मी त्यांनाही अदबीने मोजायचो. त्यात माझं काय चुकलं? दरवान काही पाहुण्याचे खिसे उलटून बघत नाही.

काकू मला फारसं विचारत नसत. त्यांचं टेबल दुकानाच्या खिडकीशी होतं. काका मशीनचं पोट उघडत, पट्टे बदलत, गंज काढत. दोऱ्याचा ताण, टाका, बॉबिनची नाजूक कामं काकूंकडे. लग्न झाल्यापासून दोघं असेच शेजारी बसत आलेले. मशीन काकांच्या हातून काकूंच्या हाती जाई आणि तिथून गिऱ्हाइकाकडे. मधे बोलण्याची गरजही पडत नसे. काका हात पुढे करत आणि काकू त्या हातावर नेमका हवा तो स्क्रू-ड्रायव्हर ठेवत.

मग काकांना ती कल्पना सुचली. त्यांनी एक स्क्रीन आणला, शोकेसमध्ये बसवला आणि त्यावर आपली वेबसाइट लावून ठेवली. त्यातही खाली सरकवून, थेट माझ्यापर्यंत. येणाऱ्याजाणाऱ्याला मी दिसावा म्हणून. पण दुपारपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की शोकेसमधला आकडा हलत नाही. पान एकदा उघडलं की तसंच बसून राहतं. झालं, वेबसाइटवाल्याला फोन गेला. त्याने सांगितलेलं काहीतरी काकांनी दाबलं आणि शोकेसमधलं पान दर थोड्या वेळाने आपलं आपणच ताजं होऊ लागलं.

तुमच्या लक्षात आलंच असेल. पान ताजं झालं म्हणजे पुन्हा उघडलं, आणि पुन्हा उघडलं म्हणजे मी एक वाढवणार. शोकेस आपल्याच दुकानाला भेट देत होती आणि दुकान टाळ्या वाजवत होतं. काकांच्या मात्र ते लक्षात आलं नाही.

समोरचा शिंपी काचेला नाक लावून उभा राहायचा. ‘‘काका, हलला! परत हलला! अहो, काय धंदा म्हणायचा हा!’’

‘‘बसल्या जागी जग येतंय,’’ काका हातातला गंज पुसत म्हणायचे. सकाळी शटर उघडलं की आधी माझ्याकडे बघायचे. रात्रीतून मी भरपूर वाढलेला असे. ‘‘हे सगळे परदेशातले,’’ ते काकूंना समजावत. ‘‘आपल्याकडे रात्र असते ना, तेव्हा तिकडे दिवस असतो.’’ शिंप्याने त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं खरं, पण शिडी मी धरली होती. आणि खरं सांगू? मला मजा येत होती. इतकं कौतुक कुणाला नको असतं?

‘‘मग गिऱ्हाईक का वाढत नाही?’’ काकू एकदा म्हणाल्या.

‘‘जागा कुठाय त्यांना यायला?’’ काका म्हणाले.

आणि त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात हॉल शिरला. मोठ्या रस्त्यावर फर्निचरवाल्याचा एक हॉल रिकामा होता. तिथे नव्या मशीनच्या रांगा लावायच्या, दुरुस्ती बंद करून नुसती विक्री करायची आणि हे दुकान सोडून द्यायचं. काका रोज संध्याकाळी हॉल बघून यायचे. हॉलला सतरा पायऱ्या होत्या आणि काकूंच्या गुडघ्याला घरच्या जिन्यापलीकडे काही झेपत नव्हतं.

‘‘आणि मी?’’ काकूंनी विचारलं.

‘‘तू आता आराम कर. फार केलंस,’’ काका प्रेमाने म्हणाले. त्यांना मनापासून वाटत होतं की ते काहीतरी देत आहेत.

काकूंनी हातातला स्क्रू गरजेपेक्षा दोन वेळा जास्त आवळला. मला वाईट वाटलं. पण आकड्याला वाईट वाटून तो कमी होत नाही. तेवढ्यात शोकेस ताजी झाली आणि मी वाढलो.

हॉलवाला सोमवारी किल्ली घेऊन येणार होता. त्याच्या आधीच्या रविवारी काकांची मोठी मुलगी आठवडाभराच्या रजेवर घरी आली. ती दुसऱ्या शहरात, कुठल्या वेबसाइटवर किती माणसं येतात हेच मोजण्याच्या नोकरीत. तिने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि माझ्यासमोर बसली. तिने पान ताजं केलं, मी वाढलो. तिने पुन्हा केलं, मी पुन्हा वाढलो.

‘‘बाबा, हे काय?’’

‘‘माणूस आला.’’

‘‘कुठून?’’

‘‘जगातून.’’

‘‘बाबा, तो माणूस मीच आहे. दोन्ही वेळा.’’

काकांना राग आला. ‘‘म्हणजे तू मोजलेली माणसं खरी आणि मी मोजलेली खोटी?’’

‘‘तुम्ही माणसं मोजतच नाही आहात. मशीनची सुई किती वेळा खाली गेली ते मोजायचं आणि म्हणायचं, आपण इतके सदरे शिवले. चालेल?’’

काकांना बाकी कशाने पटलं नसतं, पण सुईचं पटलं. ‘‘हॉलवाल्याला आठ दिवस थांबवा,’’ मुलगी म्हणाली. ‘‘मी नीट मोजून देते. मग तुम्ही म्हणाल तसं.’’

आणि घरात सवत आली. नवी मोजणी! ती तळाशी राहत नाही, कुठेच दिसत नाही. पानाच्या पाठीमागे बसते आणि येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करते. आधी येऊन गेलात का? मग पुन्हा मोजणार नाही. तुम्ही यंत्र आहात का? मग बाजूला व्हा. याच दुकानातून, याच घरातून उघडताय का? मग तुम्ही पाहुणे कसले? इतकी चोंबडी बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती. आठवडाभर शोकेस बिचारी दार वाजवत राहिली. मी तिला प्रत्येक वेळी मोजलं, नवीने एकदाही नाही.

पुढच्या रविवारी दुकान बंद होतं. तिघं स्क्रीनसमोर जमली. मुलीने लॅपटॉप काकांकडे वळवला.

‘‘एक्केचाळीस,’’ ती म्हणाली.

‘‘एक्केचाळीस काय? हजार?’’

‘‘माणसं. अंदाजे.’’

‘‘अंदाजे म्हणजे जास्तही असतील?’’ काकांचा आवाज बारीक झाला होता.

‘‘कमीही असतील. एकाने फोनवर बघितलं आणि मग कॉम्प्युटरवर, तर ते दोन धरले जातात. अगदी तंतोतंत कुणालाच सांगता येत नाही, बाबा. जो छातीठोक सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.’’

हा टोमणा मला होता. मी मान खाली घातली नाही, कारण मी आधीच तळाशी होतो.

‘‘मग हे बाकीचे हजारो कोण?’’ काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मुलीने शोकेसकडे बोट दाखवलं. नेमकी त्याच क्षणी शोकेस ताजी झाली आणि मी, सवयीप्रमाणे, एक वाढवला.

काकूंना हसू फुटलं. आधी पदरात, मग उघड, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ‘‘परदेशातले!’’ एवढंच त्या म्हणू शकल्या.

‘‘हस, हस,’’ काका म्हणाले. ‘‘गल्लीभर सांगत सुटलो मी. आता त्या शिंप्याला तोंड कसं दाखवू?’’ ते खरोखरच खचले होते. त्यांचा तो चेहरा मला बघवला नाही.

काकूंनी डोळे पुसले. ‘‘अहो, एक्केचाळीस माणसं म्हणजे काय थोडी झाली? दुकानात आली असती तर बसवली कुठे असती? स्टूल एकच आहे आपल्याकडे.’’

काकांनी स्टुलाकडे बघितलं. मग दाराकडे, मग गल्लीकडे. मनातल्या मनात ते माणसं उभी करत असावेत, कारण जरा वेळाने म्हणाले, ‘‘रांग पार कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत जाईल.’’

‘‘आणि ती येतात कशाला, ते बघा,’’ मुलगी म्हणाली. ‘‘मुख्य पानावर कोणी थांबत नाही. दुकानाच्या इतिहासावरही नाही. सगळी जातात ‘दोरा सारखा तुटतो तेव्हा’ या पानावर. बहुतेकजण अगदी शेवटपर्यंत जातात.’’

ते पान काकूंचं होतं. वेबसाइट होताना काकू बोलल्या होत्या आणि वेबसाइटवाल्याने लिहून घेतलं होतं. काकांनी ते कधी वाचलंच नव्हतं. वाचणार कधी? पान उघडलं की ते सरळ माझ्याकडे यायचे. आपल्या अख्ख्या वेबसाइटमधलं ते फक्त मलाच वाचत होते.

काकांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. सुई उलटी बसली आहे का ते बघा. दोरा जुना असेल तर मशीनला शिव्या देऊ नका. ताणाचा स्क्रू एकदम फिरवू नका, थोडा फिरवा आणि कान द्या. ते ओठ हलवत वाचत होते आणि मधेच थांबून काकूंकडे बघत होते.

‘‘कान द्या, हे बरोबर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘मला हे कुणी शिकवलं नव्हतं. तुला?’’

‘‘इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून दुसरं काय केलं मी?’’

काकांनी चष्मा काढून पुसला, जो स्वच्छच होता. मग हॉलवाल्याला फोन लावला. ‘‘नको हो,’’ ते म्हणाले. ‘‘जागा छान आहे, पण फार मोठी पडेल. आमच्याकडे एक्केचाळीसच माणसं आहेत.’’ आणि जरा थांबून म्हणाले, ‘‘अंदाजे.’’

शोकेसमधून स्क्रीन निघाला, तिथे पुन्हा मशीन आलं. शिंप्याने दोन दिवस चिडवलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचं बिघडलेलं मशीन घेऊन आला. मुलगी मला पुसून टाकायला निघाली होती, पण काकांनी अडवलं. ‘‘त्याला कशाला घालवतेस? खोटं बोलला असेल, पण लळा लावला त्याने.’’ तेव्हा तिने मला बाहेरच्या पानांवरून उचललं आणि एका आतल्या पानाच्या तळाशी नेऊन ठेवलं. काकूंचं पान वाचून लोक दोऱ्याबद्दल, टाक्याबद्दल जे प्रश्न लिहून पाठवतात, ते त्या पानावर येऊन पडतात. ते पान जगाला दिसत नाही. ते फक्त दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडतं, आणि तेही सकाळी एकदा.

इथे यंत्रं येत नाहीत, शोकेस येत नाही, शिंपी टाळ्या वाजवत नाही. मी रोज एकाने वाढतो. आता माझ्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही, असं मला वाटलं होतं.

पण काल मी नीट कान दिला. काका प्रश्न मोठ्याने वाचतात. काकू ‘‘तिला म्हणावं, आधी सुई बदल,’’ असं काहीतरी सांगतात. काका एका बोटाने टाइप करतात आणि चुकले की काकू ‘‘अहो, तिथे नाही’’ म्हणतात. स्टूल एकच असल्यामुळे दोघं त्यावरच अर्धं अर्धं बसलेले असतात.

म्हणजे माझ्यासमोर रोज दोन माणसं असतात आणि मी एकच मोजतो. तुमच्यापैकी कुणी मोजणीतलं जाणतं असेल, तर कृपा करून काकांच्या मुलीला कळवा. आयुष्यभर मी जास्त मोजत आलो, त्याबद्दल मला फारसं काही वाटत नाही. पण या दोघांना एक मोजणं मला आवडत नाही.