रस्सीचं शेवटचं टोक

सू-लानबाई तैवानमधल्या यीलानजवळच्या एका लहानशा शाळेत रस्सीखेच शिकवायच्या. मुलींच्या संघात युचिंग सगळ्यात मागे उभी राहायची, रस्सी पाठीवरून घेऊन. पंधरा वर्षांची, एकोणपन्नास किलोंची पोर. कागदोपत्री ती मुलगा होती. पण शाळेत पहिल्या दिवसापासून ती मुलगी म्हणूनच वावरली, आणि संघातल्या सातजणींना त्याचं कधीच काही वाटलं नव्हतं.

ताइचुंगच्या स्पर्धेत वजनाच्या टेबलापाशी घोडं अडलं.

"ओळखपत्रावर मुलगा लिहिलंय," स्पर्धेचे अधिकारी कूसाहेब हळूच म्हणाले. बाईंची त्यांची वीस वर्षांची ओळख.

"अहो, आठजणींचं मिळून वजन करता ना? समोरच्यांची शेवटची पोरगी बासष्ट किलोंची आहे. मग हिचं तुम्हाला काय जड होतंय?"

"पटतंय हो मला. पण नियम मी नाही केला. मुलांच्या संघात घाला तिचं नाव."

"आणि कपडे कुठे बदलायचे तिनं? तुमच्या केबिनमध्ये?"

कूसाहेबांनी ओळखपत्र परत केलं. शाळेनं याच बाबतीत आधी पाठवलेल्या दोन पत्रांना कुणी उत्तरच दिलं नव्हतं.

"मग आम्हीपण नाही खेळत," असं म्हणून कप्तान पेइ-वन बूट सोडायला बसली.

"गप गं, मोठी आलीय!" युचिंग म्हणाली. "तीन वर्षं तुमच्या घामाचा वास सोसलाय मी. ते काय असंच परत जायला?"

तिनं आपला पट्टा काढून राखीव मुलीच्या कमरेला बांधला. किती मागे रेलायचं, तेही दाखवलं.

संघ तिसरा आला. प्रेक्षकांत बसलेली युचिंग प्रत्येक ओढीला टाचा रोवत होती. तिच्याकडे बघता बघता बाई आपल्या मुलींना ओरडून सांगायचंच विसरत होत्या.

बाहेर सगळ्यांनी डबे उघडले, तेव्हा युचिंग फोन घेऊन आली.

"बाई, आई आहे. मी खेळले म्हणून सांगा ना. तिनं सकाळीच सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय."

"अगं, पण…"

"सांगा ना, बाई."

बाईंनी फोन कानाला लावला.

"काय हो बाई, जिंकली का आमची पोर?"

"संघाचा तिसरा नंबर आला," बाई म्हणाल्या.

"अगंबाई! थांबा हं, शेजारच्या आजींना सांगून येते!"

पलीकडे चपलांचा आवाज लांब गेला. युचिंग समोरच उभी होती. फोन ठेवावा की धरून राहावं, बाईंना कळेना.